डोळ्याच्या आतला फोटो

जैनोद्दीन मास्तरांनी सदऱ्याच्या कापडाबरोबर शिवप्पाच्या खांद्यावरून लोंबणारं उपरणंही कापलं, तेव्हा दोष शिवप्पाचाच ठरला.

"मधी मधी कशाला लुडबुड करतोस रे?" मास्तर ओरडले. रोज दुकानात येऊन बसणारा शेतकरी शिवप्पा बिचारा डाव्या अंगाला गुपचूप उभा होता.

मास्तर म्हणजे जळकोटचे शिंपी. पन्नाशी उलटली तरी सुईत दोरा एका दमात ओवत, आणि तेवढ्यावरून आपली नजर घारीची आहे असं प्रत्येक गिऱ्हाइकाला ऐकवत. समोरचं त्यांना खरंच लख्ख दिसे. आजूबाजूचं मात्र हळूहळू पुसत चाललं होतं. डावीकडचा चहा लवंडे, उजवीकडून आलेला सलाम वाया जाई. वर घरी येऊन मास्तर बायकोला, रजियाबीला म्हणत, "लोकांनी सलाम करायचंच सोडलंय. जमाना बिघडला."

उपरण्याची गोष्ट कळल्यावर मात्र रजियाबीनं ऐकलं नाही. "अजी, जमान्याचं राहू द्या. आधी डोळे दाखवा."

सोलापूरच्या डॉक्टरांनी पहिल्या खेपेला तपासलं आणि म्हणाले, "सोमवारी या. फोटो काढू." त्या दवाखान्यात डोळ्यांचे फोटो काढायचं विलायती यंत्र नुकतंच आलं होतं. मास्तरांनी त्यातला 'फोटो' एवढाच शब्द उचलला. सोमवारी ते लग्नातली शेरवानी घालून, अत्तर लावून, डोळ्यांत सुरमा ओढून एस.टी.त बसले. नर्सबाईंचा अर्धा तास सुरमा धुण्यात गेला. मग मास्तर यंत्रासमोर छाती काढून, ओठांवर बेताचं हसू धरून बसले.

"मास्तर, फोटो डोळ्याच्या आतला आहे," डॉक्टर म्हणाले. "हसला नाहीत तरी चालेल."

फोटोत एक फिकट गोल होता आणि त्यातून फांद्यांसारख्या रेषा फुटल्या होत्या. डॉक्टरांनी पेन्सिल टेकवली. "या रक्ताच्या शिरा. इथं गोलात खड्डा पडलाय, म्हणून शिरा काठावरून आत वाकल्यात. काचबिंदू आहे. जेवढं दिसायचं गेलं, ते परत येणार नाही. रोज चार वेळा थेंब घाला, म्हणजे उरलेलं टिकवता येईल."

परतीच्या वाटेवर मास्तरांची शेरवानी घामानं भिजली. डोळे गेलेल्या शिंप्याकडं कापड कोण देणार? घरी ठरलं की कुणाला सांगायचं नाही. फोटो दुकानात कापडाच्या गठ्ठ्याखाली गेला.

तिसऱ्याच दिवशी कापड निवडताना तो शिवप्पाच्या हाती लागला.

"मास्तर, ह्यो कसला नकाशा?"

मास्तरांना वाटलं, अल्लानंच वाट दाखवली. "व्हय, नकाशाच हाय."

"कशाचा?"

आता आली पंचाईत. शिवप्पा वर्षभर विहिरीसाठी जागा शोधत होता आणि दुकानात दुसरं काही बोलत नव्हता. मास्तरांच्या तोंडून निघून गेलं, "पाण्याचा. सोलापुरात नवं यंत्र आलंय. जमिनीच्या आतलं दिसतंय."

"आन ह्यो गोल?"

"सगळ्या शिरा तिथं मिळत्यात."

खोटं मापात इतकं बरोबर बसलं की मास्तर स्वतःवरच खूश झाले. शिवप्पानं 'कुणाच्या जमिनीचा' हेही विचारलं नाही. फोटो टोपीत घातला आणि गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच्या शेतात कुदळी वाजू लागल्या.

मास्तरांना दोन दिवस घास गिळेना. आपल्या अब्रूपायी चार माणसं उन्हात मुरूम उपसतायत! तिसऱ्या दिवशी ते शेतात गेले. "शिवप्पा, थांब! खांदू नको!" म्हणत नाकासमोर निघाले. समोर शिवप्पा स्वच्छ दिसत होता. पायाशी आलेला खड्डा दिसला नाही. मास्तर कंबरभर खड्ड्यात बैठक मारून बसले.

तिथूनच त्यांनी कबुली दिली. "बाबांनो, त्यो पाण्याचा नकाशा न्हाय. माझ्या डोळ्याचा फोटो हाय. काचबिंदू झालाय मला."

शिवप्पानं टोपीतून फोटो काढून उलटसुलट पाहिला. "मंजी ह्यात पाणी न्हाय?"

"डोळ्यात पाणी हाय, निचरा न्हाय. त्यानंच दाब वाढतो म्हणं. शेत असतं तर चर तरी खणला असता."

खणणाऱ्यांतला महालिंगप्पा कुदळ टाकून हसत खाली बसला. "मास्तर, तुमाला बाजूचं दिसत न्हाय, हे समद्या गावाला ठावं हाय."

"मग कुणी बोललं कसं न्हाय?"

"आमाला वाटलं, तुमालाच ठावं न्हाय. उगं कशाला जिवाला घोर? शिलाई सरळ येती तवर आमचं काय अडलंय?"

मास्तर खड्ड्यात बसून राहिले. गावभर जे दिसत होतं ते न दिसलेला एकटा माणूस आपणच, आणि त्याची नजर म्हणे घारीची! त्यांना हसू फुटलं, ते लवकर आवरेना.

शिवप्पानं हात देऊन त्यांना वर काढलं. "एवढं खांदलंय तर आता थांबायचं कशापायी?" म्हणत त्यानं कुदळ उचलली.

आठव्या दिवशी पंधरा हातांवर पाणी लागलं. गोडं आणि चांगलं वाहतं.

मास्तर येईल त्याला शपथेवर सांगू लागले, की तो फोटो माझ्या डोळ्याचा होता. लोक आदरानं माना हलवत. आठवड्याभरानं बेंबळीहून बिराप्पा नावाचा एक शेतकरी दुकानात आला आणि अदबीनं उभा राहिला.

"काय शिवायचंय?" मास्तरांनी विचारलं.

"शिवायचं काय न्हाय." बिराप्पानं आवाज खाली आणला. "मास्तर, दुसऱ्या डोळ्याचा फोटो काढलाय का?"