दारातला कार्बन आणि दाराआडचे सासरे

सासरे खोलीतून सुखरूप बाहेर आले. मात्र या सुटकेला मंजुरी नव्हती, सबब ती झालीच नाही. आपणही ते आतच आहेत असे धरून चालू.

दार जुने, भरीव लाकडाचे. दमट हवेने फुगले आणि चौकटीत गच्च बसले. आत सासरे, त्यांना दमा, आणि खोलीला झरोका तो मांजरापुरता. एरवी सुताराने चार हात रंधा मारला असता आणि विषय मिटला असता. पण जावयाने मागे हौसेने दाराची नोंदणी करून घेतली होती. झाडाने हवेतला कार्बन ओढायचा, दाराने तो पोटात धरून ठेवायचा आणि घरमालकाने पितळी पाटी मिरवायची, अशी ती योजना. पाटी लागल्यापासून जावई असा चालायचा, जणू कार्बन त्यानेच गिळलाय.

नोंदणीकृत दाराला हत्यार लावणे गुन्हा, त्यामुळे बोलावलेला सुतार हत्यारे घेऊन नुसताच उभा होता. म्हणून परवानगीसाठी कार्बन साठवण कार्यालयाचे निरीक्षक आले. त्यांनी दाराला कान लावला.

"आत कोण?"

"सासरे," जावई म्हणाला.

"श्वास घेतात?"

"अजून तरी."

"म्हणजे दार साठवतंय आणि हे गृहस्थ सोडताहेत! कमी बोलायला सांगा त्यांना."

"जावईबापू," आतून धापा टाकत आवाज आला, "त्यांना म्हणावं, आत या. दोघं मिळून सोडू."

जावयाची बायको पुढे झाली. "साहेब, रंध्याने थोडा भुसा पडेल. भुसाही लाकूडच ना? कार्बन काय पळून जाणार आहे?"

"ताई, भुशाला पाटी लावता येत नाही. भिंत फोडा. भिंत आमच्या खात्यात येत नाही."

"भिंतीला लागून शेजाऱ्यांचं कपाट आहे."

"लाकडी? मग राहू द्या." निरीक्षक खुर्चीत ऐसपैस बसले. "उभ्या झाडाचा काही भरवसा नाही हो. वाळवी लागते, वणवा लागतो. म्हणून आम्ही टेकडीवरची सगळी झाडं तोडून कपाटं केली. कशी गप्प उभी असतात!"

"कपाटात ठेवता काय?" बायकोने विचारले.

"झाडं तोडायच्या परवानग्या."

एवढ्यात आतला खोकला थांबला. बायकोने सुताराच्या हातातला हातोडा हिसकला आणि दारावर घातला. फळी फुटली. दुसरी फुटली. जावई कळवळून ओरडला, "अगं, जपून! पाटीला लागेल!"

सासऱ्यांना अंगणात नेऊन बसवले. निरीक्षकांनी आपला निर्णय तिथेच सुनावला: विनापरवाना फोडलेले दार फुटलेले नाही. सासरे आतच आहेत. शिवाय आता आतून श्वासाचा आवाजही येत नाही, ही बाब कौतुकास्पद असून शून्य उत्सर्जनाबद्दल या घरास आणखी एक पाटी देण्यात येत आहे.

ती जावयाने नव्या लोखंडी दारावर ठोकली.

ज्या वाचकांना हे वाचून जावयाचे हसू आले, त्यांनी प्रथम आपल्या दारावरची पाटी उतरवून कार्यालयात जमा करावी. तसेच हसताना जादा सुटलेला श्वास परत आत घेऊन तसे कळवावे, ही विनंती.