कुरतडलेला कोपरा

उंद्रीच्या शाळेतले वामनराव गुरुजी मनकर्णाबाईंच्या ओसरीवर गोधडी पसरून तिच्याभोवती गुडघ्यांवर फिरत होते, आणि म्हातारी खांबाला टेकून त्यांच्याकडे संशयाने पाहत होती. चिखलीला जुन्या हस्तकलेचं प्रदर्शन भरणार होतं. वस्तू कशी केली आणि आज कोणत्या अवस्थेत आहे, हे आधी लिहून पाठवायचं होतं. प्रदर्शन भरवणारे साहेबच शाळा तपासायला येत, आणि उंद्रीच्या हेडमास्तरची खुर्ची दिवाळीपासून रिकामी होती. गुरुजींचा गोधड्यांवर एकाएकी जीव का जडला, हे गावाला बरोबर कळलं होतं.

गुरुजींनी मन लावून लिहिलं. वर निळं लुगडं, खाली जुनं धोतर, मध्ये चिंध्यांचे थर. शिवण धावदोऱ्याची, काठापासून निघून चौकोनाचौकोनाने आत गेलेली. मध्यभागी विरलेली. एका अंगाला हळदीचा डाग. एक कोपरा उंदराने कुरतडलेला.

त्यांनी ते मोठ्याने वाचून दाखवलं. एरवी म्हातारी कुणाला बोलू द्यायची नाही, पण त्या दिवशी गप्प बसली. गुरुजींना तेव्हाच शंका यायला हवी होती.

साहेबांचं उत्तर आलं. वर्णन फार आवडलं, विशेषतः कुरतडलेला कोपरा. जुनेपणाचा असा पुरावा दुसरा नाही. शनिवारी स्वतः येऊन पाहतो. गुरुजींचे पाय जमिनीवर ठरेनात. ते तसेच मनकर्णाबाईंकडे गेले. कोपऱ्यावर लालभडक खणाचं ठिगळ बसलं होतं.

"आजी, हे काय करून ठेवलं?"

"काऊन? माह्या घरात उंदरं हायेत असं सरकारले कळवाचं काय?"

"अवो, तोच कोपरा तर साहेबाले पाहाचा हाय!"

"पाहू द्या ना. आता पाह्यण्यासारका झाला."

गुरुजींनी हात जोडले. गोधडी आता आहे तशीच राहू द्या, ठिगळाचं मी साहेबांना समजावतो, म्हणाले. म्हातारीने मान डोलावली. पण हळदीचा डागही कागदावर गेलाय, हे तिच्या डोक्यातून जाईना. दुसऱ्या दिवशी तिने गोधडी सोड्यात उकळली. डाग गेला, पण खणाचा लाल रंग सुटून गोधडीभर पसरला. तो झाकायला तिने दोन्ही बाजूंनी नवंकोरं फुलाफुलांचं छीट चढवलं.

"आता लिहा काय लिहाचं ते!" शुक्रवारी तिने गोधडी गुरुजींपुढे आपटली. "सोयरा-इवाई आला तरी त्याच्या अंगावर घालता येते."

निळं लुगडं दिसत नव्हतं, चौकोन दिसत नव्हते. साहेबांची मोटार उद्या सकाळी यायची होती. गुरुजी डोक्याला हात लावून घरी आले आणि अंगणातच थबकले. त्यांच्या बायकोने, कोकिळाबाईंनी, वलणीवर गोधडी उन्हाला टाकली होती. मध्यभागी विरलेली, काठाला तेलाचा डाग, आणि कोपरा उंदराने असा काही कुरतडलेला की मनकर्णाबाईंचा उंदीर त्यापुढे अगदीच नवशिका वाटावा.

"देव पावला!" गुरुजी ओरडले. "हे कोणाची वो?"

"तुमचीच. रोज पांघरता ना? तुमच्या मायच्या हातची हाय."

गुरुजींनी लगेच बैठक मारली. म्हातारीच्या गोधडीचं काय झालं ते साहेबांना खरं सांगायचं आणि ही पुढे करायची. हेडमास्तरकी पुन्हा हाताशी आली. गोधडीला टाचायची चिठ्ठी ते सुवाच्य अक्षरात लिहू लागले: 'वामनराव गुरुजी, उंद्री, यांच्या घरची गोधडी. मध्यभागी विरलेली. तेलाचा डाग. कोपरा उंदराने कुरतडलेला.'

त्यांनी ती एकदा वाचली, मग पुन्हा वाचली. सारी चिखली ही चिठ्ठी वाचणार होती. त्यांचे सासरे चिखलीचेच होते.

"कोकिळे, तुले काई वाटत नाई काय?"

"मले काय वाटाचं? नाव तुमचं हाय, माय तुमची हाय. साहेबाले फाटकीच पाह्यजे ना?"

गुरुजींनी कुरतडलेला कोपरा हातात घेतला. आईने कधी पाहुण्याला फाटकं अंथरूण दिलं नव्हतं. खुर्ची एकीकडे आणि हा कोपरा एकीकडे. शेवटी त्यांनी चिठ्ठीचे दोन तुकडे केले.

"सुई कुठी हाय?"

"अन् हेडमास्तरकी?"

"ते पाहू मंग," गुरुजी दोरा ओठात ओला करत म्हणाले. "पह्यले एक ठिगळ दे. आन् लाल नको बरं, रंग जाते."