प्रभाभाऊंचा वन्स मोअर

आमचे शेजारी प्रभाभाऊ वैरागडे यांच्याकडे पोहे खायला गेलात तर एक लक्षात ठेवा. पहिली बशी न मागता मिळते. दुसरीसाठी मात्र तुम्ही 'आणखी द्या' म्हणा, बशी पुढे करा, पोह्यांची कितीही तारीफ करा, ते हात जोडून नुसते उभे राहतात. मोठ्यानं 'वन्स मोअर' म्हणावं लागतं. मग चेहरा उजळतो आणि कढई बाहेर येते. माझे एक साडू हे माहीत नसल्यामुळे अर्धपोटी उठले होते.

हा रोग संगीत नाटकाचा. रायपूरच्या आमच्या मंडळात पूर्वी दर गणपतीत एक संगीत नाटक व्हायचं. दिवसभर कचेरीत फायली सरकवणारी माणसं संध्याकाळी राजे आणि ऋषी व्हायची. प्रभाभाऊ रेल्वेच्या पार्सल ऑफिसात क्लार्क आणि मंडळात कायमचे राजपुत्र. ते सगळं बंद पडून जमाना झाला. गाणारे गेले, उरलेल्यांचे गुडघे गेले, आणि पोरांना मराठी कळतं पण उत्तर हिंदीत येतं.

अशा काळात, सत्तरी ओलांडल्यावर, प्रभाभाऊंनी एका सकाळी मला सांगितलं की 'संगीत चंद्रवेल'चा ते सिनेमा काढून राहिले. मोबाइलवर.

"साधा नाही मोहन. फॅन्टशी."

'चंद्रवेल' म्हणजे शापानं वेल झालेल्या राजकन्येची गोष्ट. राजपुत्र अग्निलोक पार करून तिला सोडवतो आणि अधूनमधून सगळे गातात.

"भाऊ, काहून या भानगडीत पडता?" मी म्हणालो. "आराम करा ना."

"तुले नाही समजणार. फॅन्टशी म्हंजे संगीत नाटकच असते. फक्त माणूस उडवाच्या तारा दिसत नाहीत."

झालं. राजपुत्र अर्थातच ते स्वतः, मिशीला काळा रंग लावून. राजकन्येसाठी माझी कॉलेजातली मुलगी पूर्वा धरून नेली. तिला गाणं येत नव्हतं, पण भाऊ म्हणाले, तोंड हलवलं की पुरे. अग्निलोकासाठी उरला या औद्योगिक भागातल्या एका पोलाद कारखान्यातल्या ओळखीच्या माणसाकडून लालभडक लोखंड वाहतानाचा व्हिडिओ मिळवला. तेलीबांधा तलावावरचे दिवे म्हणजे इंद्रलोक. मागे हिरवा पडदा लावला की कॉम्प्युटरवर त्या जागी आकाश भरता येतं, हेही ते शिकून आले. पडदा लावला, पूर्वाला शिडीवर चढवलं, आणि नाटकात राजकन्येला हिरवा शालू असतो म्हणून तिलाही हिरवाच शालू नेसवला. कॉम्प्युटरला शालू आणि पडदा यातला फरक काय कळणार? पूर्वाचं डोकं आणि दोन हात तेवढे आकाशात उडाले.

"अंकल, मेरी बॉडी कहाँ गई?" पूर्वा किंचाळली.

भाऊंनी स्क्रीनला नाक लावून पाहिलं. मग म्हणाले, "राहू दे. शाप आहे ना तिले."

मी हसून हसून खाली बसलो. माझं हसू बंद झालं ते गाण्याच्या दिवशी. दुसऱ्या अंकातल्या राजकन्येच्या पदासाठी भाऊंनी कपाटातून एक जुनी कॅसेट काढली. कुमुदवहिनींचा आवाज. कुमुदवहिनी म्हणजे भाऊंची बायको. त्यांनी आयुष्यात एकदाच काम केलं, याच नाटकात, राजकन्येचं. वहिनींना जाऊन तेव्हा चार वर्षं झाली होती. पद संपलं, टाळ्या सुरू झाल्या, मागून कोणीतरी ओरडलं, "वन्स मो..." आणि तेवढ्यात एक दणदणीत आवाज आला, "प्रिये, मी आलो!"

भाऊंनी टेप बंद केला. "तो मी. घाईत एन्ट्री घेतली. एक वन्स मोअर आला होता तिले, तो मी खाल्ला. जल्मभर हसून सांगे, यायनं माहा वन्स मोअर खाल्ला म्हणून. हसून सांगे, पण सांगे."

सिनेमात त्यांनी पदानंतर दोन मिनिटं मोकळी सोडली होती. त्या दोन मिनिटांत राजकन्येनं हात जोडून नुसतं थांबायचं. लोक वन्स मोअर म्हणतील, मग पद मागे घेऊन पुन्हा लावायचं. मी म्हणालो, "भाऊ, सिनेमात कोणी वन्स मोअर देत नाही." ते म्हणाले, "मंडळाचे लोक देतील. त्यायले सवय आहे."

रविवारी दुपारी चारला मंडळाच्या हॉलमध्ये सिनेमा लागला. तीसेक माणसं आली. लॅपटॉप मंडळाच्या सचिवांकडे होता आणि भाऊंनी त्यांना दहा वेळा बजावलं होतं, वन्स मोअर आला की मागे घ्या. भाऊ स्वतः खुर्चीत बसले नाहीत. नट प्रेक्षकांत बसत नसतो म्हणे. ते पडद्याशेजारी विंगेत उभे राहिले.

उडणाऱ्या डोक्यावर लोक हसले. मग वहिनींचं पद सुरू झालं आणि पुढच्या रांगेतल्या दोन-तीन म्हाताऱ्या माना डोलवू लागल्या. पद संपलं. आकाशात पूर्वाचं डोकं आणि जोडलेले दोन हात तसेच थांबले. हॉल शांत.

मला ठाऊक होतं. ती दोन मिनिटं कशासाठी मोकळी आहेत ते त्या हॉलमध्ये फक्त मला ठाऊक होतं. पण माझ्या शेजारी आमच्या ऑफिसातले साहेब बसले होते. मीच त्यांना आणलं होतं. या वयात सिनेमाच्या पडद्याकडे बघून एकट्यानं काय ओरडायचं, असं मला वाटलं. कोणीतरी दुसरं म्हणेल म्हणून मी थांबलो. विंगेत भाऊंची मान पुढे आलेली दिसत होती.

मागून कोणी म्हणालं, "भैया, अटक गया लगता है."

"हव, हँग झालं," म्हणून सचिवांनी तत्परतेनं बटण दाबलं आणि सिनेमा पुढे ढकलला. पडद्यावर काळ्या मिशीचे प्रभाभाऊ धावत आले आणि ओरडले, "प्रिये, मी आलो!"

लोकांनी टाळ्या वाजवल्या. विंगेत भाऊ नव्हते.

सोमवारी ऑफिसात माझं लक्ष लागलं नाही. मला माझीच चीड येत होती. संध्याकाळी घरी येऊन चहा घेत होतो, तर शेजारून कॅसेटचा आवाज आला. वहिनींचं पद. मी कप ठेवला आणि अंगणातल्या भिंतीशी जाऊन उभा राहिलो. पद संपलं, टाळ्या सुरू झाल्या, आणि 'प्रिये' यायच्या आधी मी जिवाच्या आकांतानं ओरडलो, "वन्स मोअर!"

टेप खटकन बंद झाला. समोरच्या घरातली माणसं बाहेर येऊन बघू लागली. मी पुन्हा ओरडलो.

थोड्या वेळानं प्रभाभाऊ भिंतीपलीकडे आले. मिशीचा रंग अजून पुरता निघालेला नव्हता. त्यांनी माझ्याकडे बघून हात जोडले.

"वन्स मोअर तेव्हाच द्या लागते रे मोहन," ते हळूच म्हणाले. "आता ती आत गेली."

त्यांनी खांद्यावरच्या पंच्यानं डोळे पुसले.

"पोहे केले आहेत," ते म्हणाले. "ये. आज मागू नको, मीच वाढतो."