भोंग्याच्या हद्दीची हकीकत

श्रीग्रामदैवत भैरोबास एक दंडवत आणि पाणीपुरवठा खात्यास दोन. शके एकोणीसशे अडतीस, दुर्मुखनाम संवत्सर, फाल्गुन मासी सरकारांनी या राज्याची ग्रामपंचायत मोडून नगरपंचायत केली, ते समयीची हकीकत ऐसी जे: राज्याचे मध्ये पेठ, पेठेत कचेरी, कचेरीच्या माथ्यावर भोंगा, उत्तरेस एसटीचा थांबा, तेथे एसटी मर्जी असेल तर थांबते, दक्षिणेस ओढा, तो आषाढात वाहतो आणि एरवी क्रिकेटास उपयोगी पडतो, पूर्वेस कालव्यावरचे गर्द मळे, आणि पश्चिमेस डोंगर, डोंगराआड तेरा घरांची वाडी, तेथे पाण्याचा थेंब नाही. पूर्वापार लोक सकाळी नवाच्या भोंग्यावर कामास लागत आणि भोंगा ऐकू येईल तितका आपला गाव, ऐसे म्हणत.

मग हद्द ठरविण्यास मोजणी अंमलदारांची स्वारी आली आणि कचेरीत नकाशा मागता तो वाळवीने खाल्लेला निघाला आणि उरल्या तुकड्यात नुसता ओढा होता. मग वृद्धांनी भोंग्याची चाल सांगितली आणि अंमलदार बहुत खूष जाहले आणि हुकूम सोडिला की परवा नवास प्रत्येक दिशेच्या शेवटल्या घरच्या वडीलधाऱ्याने अंगणात उभे राहावे आणि भोंगा ऐकताच हात वर करावा. ऐकिला तो आत, न ऐकिला तो बाहेर. आता मळेकऱ्यांचे पुढारी सर्जेराव यांस आत येणे नको होते, कारण घरपट्टी लागेल. त्यांनी भोंगा ऐकूनही ऐकिला नाही म्हणण्याचा बेत पक्का केला. वाडीस मात्र आत यावयाचेच होते, कारण आत येईल त्यास नळ. वाडीचे शेवटले घर हौसाबाईंचे. त्यांची सून मंजुळा दरीतल्या झऱ्यावरून रोज चार खेपा पाणी आणी आणि त्या सुनेचे गुडघे सासूच्या आधी गेले, हे लिहिताना आम्हांसही वाईट वाटते. परंतु हौसाबाईंस दहा वर्षे काडीचे ऐकू येत नव्हते. वाडीने मसलत केली, मंजुळेने खाणाखुणांनी सासूस समजाविले आणि सासूने मान डोलाविली.

नेमल्या दिवशी अंमलदार जातीने वाडीवर गेले आणि नवाचा सुमार जाहला आणि साहेबांनी मनगटावरच्या घड्याळाकडे पाहिले, तोच हौसाबाईंनी हात वर केला. साहेबांस तर काहीच ऐकू आले नव्हते. परंतु सत्तरीची म्हातारी ऐकते आणि आपण ऐकत नाही, ही नामुष्की कोणी सोसावी? त्यांनी लिहिले, 'आम्ही स्वतः ऐकिला.' उत्तर-दक्षिणेच्या मंडळींनी सवयीने हात वर केले. मळेकरी हात खाली ठेवून उभे राहिले आणि तेथे नेमलेल्या शिपायाने घड्याळात नऊ वाजून गेलेले पाहून लिहिले, 'लबाडी करितात, सबब आत.'

आणि खरी गोष्ट ऐसी की त्या दिवशी पावणेनवास वीज गेली होती आणि भोंगा वाजलाच नव्हता. हे अवघ्या पेठेस ठाऊक, परंतु पेठेस कोणी पुसलेच नाही. आठा दिवसांनी सर्जेरावांस कुणकुण लागली, त्यांनी तक्रार गुदरली आणि कचेरीचे भोंगेवाले शिदूतात्या यांस साक्षीस ओढिले. मंजुळा या शिदूतात्यांची लेक. तात्यांस तीन दिवस अन्न गेले नाही. खरे बोलावे तर लेकीचा नळ जातो आणि खोटे बोलावे तर भैरोबाची आण घेऊन बोलावे लागते. अखेर भरकचेरीत उभे राहिले आणि म्हणाले, "सायेब, वीज नव्हती. भोंगा वाजला न्हाई." आणि डोळ्यांस उपरणे लाविले.

अंमलदारांनी आपला कागद काढिला, 'आम्ही स्वतः ऐकिला' या ओळीपाशी थांबले, बराच वेळ खोकले आणि मग निकाल दिला की तीस वर्षे भोंग्याजवळ काढिल्याने साक्षीदाराचे कान गेले आहेत, सबब वाजलेला त्यास ऐकू आला नाही; हद्द कायम. सर्जेराव जन्मात प्रथमच खरे बोलले होते, ते वाया गेले.

मग वर्षाने वाडीस नळ आला आणि अंमलदार तोटी सोडण्यास आले आणि शिदूतात्या गर्दीच्या मागे तोंड लपवून उभे होते. हौसाबाईंनी त्यांस हाताला धरून पुढे आणिले. तात्या हात जोडून म्हणाले, "विहीणबाई, माझ्याच्यानं खोटं बोलवलं न्हाई. माफी करा."

बाईंनी तांब्या भरून त्यांच्या हाती दिला आणि सर्वांदेखत म्हणाल्या, "काय म्हणताय त्ये मला ऐकू येत न्हाई, व्याहीबुवा. कान जाऊन धा वर्सं झाली. पानी प्या."

अंमलदार हातभर अंतरावर उभे होते. त्यांनी ऐकिले नाही.

एवंच राज्य पूर्वेस मळ्यांपर्यंत, पश्चिमेस मंजुळेच्या उंबऱ्यापर्यंत, पुढे डोंगर. नळास दिवसाआड पाणी येते. जे डोळ्यांनी पाहिले तेवढे लिहिले. ऐकीव यात काही नाही.