अंकुर सोसायटीचा सातवा मजला

अंकुर सोसायटीत नवा मजला बांधावा लागत नसे. तो आपोआप उगवे, आणि त्यासाठी तळमजल्यावरची माणसं विरघळत. यात कुणालाच काही वावगं वाटत नसे. इमारत मातीतून वर जायची, तर तिला पोषण खालूनच मिळणार.

वेळ जवळ आली की तळमजल्यावरच्यांच्या अंगाला ओल्या मातीसारखा वास सुटायचा. तो पुरेसा साठला की काम सुरू. या खेपेला मंदाताई टिपणीस सोडून सगळ्यांना वास सुटला, आणि त्यांच्यापाशी येऊन सगळं अडलं.

सेक्रेटरी हेर्लेकर डॉक्टरांना घेऊन आले. डॉक्टरांनी मंदाताईंचा तळहात हुंगला.

"हे आईकडून आलेलं दिसतंय," ते म्हणाले. "प्रत्येकाच्या आत एक झाकण असतं. वास लागला की ते उघडतं. यांचं झाकण ठीक आहे, पण वास काही तयार होत नाही. जनुकातच खोट आहे."

"म्हणजे मी सुटले?" मंदाताईंनी विचारलं.

"छे छे. शेजारचा वास चालतो."

"फक्त खिडक्या उघड्या ठेवा," हेर्लेकर म्हणाले. "सक्ती नाही. विनंती आहे."

ते गेल्यावर मंदाताईंनी खिडक्या घट्ट लावून घेतल्या आणि फटींत जुनी पातळं कोंबली.

संध्याकाळी मुलगा अजेय सहाव्या मजल्यावरून खाली आला. दाराबाहेरूनच म्हणाला, "आई, रेवतीला आठवा लागलाय. पाळणा ठेवायला जागा नाही गं."

"मी नकोशी झाले का रे तुला?"

"असं काय बोलतेस?" तो म्हणाला. "पण खोली तर लागणारच ना."

मग त्याच्या चपला जिन्यावर वाजत गेल्या. मंदाताईंनी दार उघडलं नाही.

ते उघडलं शेजारच्या नलू सबनीसांसाठी. नलू भिंतीला धरून उभ्या होत्या. घोट्याखाली पाय उरले नव्हते.

"मंदा, माझं सुरू झालंय. एकटीला बसवेना गं."

मंदाताईंनी त्यांना हाताला धरून आत घेतलं, सोफ्यावर बसवलं, चहा टाकला. नलूंबरोबर वासही आत आला होता. तो दोघींनाही कळत होता.

"दुखतं का?"

"नाही. गुदगुल्या होतात. तू लांब बस हवं तर."

मंदाताई उठून नलूंजवळ बसल्या. थोड्या वेळानं मंदाताईंच्या आत कुठेतरी काहीतरी अलगद उघडलं. चहा निवला. दोघींचे हात एकमेकींत होते, आणि कुणाचा कुठे संपतो ते सांगता येईनासं झालं.

काही दिवसांत सातवा मजला वर आला, पांढरा आणि लुसलुशीत. अजेयनं नव्या खोलीच्या भिंतीत खिळा ठोकला तेव्हा मंदाताईंना जरा बोचलं. पाळण्याचं ओझं मात्र जाणवलंच नाही.

पुढे भिंती राखाडी पडल्या, टणक झाल्या. खोल्याखोल्यांमध्ये चिरा गेल्या. एके दुपारी वारा सुटला. रेवतीनं बाळाला छातीशी घेतलं, अजेयनं गॅस बंद केला, आणि त्यांची खोली बीसारखी इमारतीपासून सुटून वाऱ्याबरोबर निघाली.

"मंदा, खाली बघू नकोस," पलीकडच्या भिंतीतून नलू म्हणाल्या.

मंदाताईंनी बघितलं. खाली लांबवर मोकळी माती पसरली होती, अजून एकही इमारत न उगवलेली. त्यांना भूक लागली.