बप्पा कुणालाच पास करीत नाहीत

सुदामबप्पा मोबाइल शिकवताना दोन्ही हात पाठीमागे बांधून उभे राहतात. शिकणाऱ्याचा फोन खाली पडला तरी उचलून देणार नाहीत. "मास्तरनं हात लावला की शिकणारा आंधळाच ऱ्हातो," हे त्यांचं ब्रह्मवाक्य.

बप्पा साखर कारखान्याच्या ऑफिसात कॉम्प्युटरवर होते. निवृत्त होऊन गावी आले तो दुष्काळ. मी दूध संस्थेचा सचिव. दूध आटलं, संस्थेची शेड ओस पडली, तिथं बप्पांनी वर्ग भरवला. विद्यार्थी सगळे म्हातारे, कारण त्यांची लेकरं ऊसतोडीला गेलेली. टँकरच्या रांगेत घागर ठेवायची आणि शेडमध्ये येऊन बसायचं.

शिकवणं मात्र नामी. बोट कसं टेकवायचं, तर तवा तापला का बघतो तसं. पडदा कसा सरकवायचा, तर भाकरीवरचं पीठ झटकतो तसं. म्हाताऱ्यांना पटकन कळायचं.

पण एक गोष्ट काही केल्या माझ्या डोक्यात शिरेना. बप्पा कुणालाच पास करीत नसत. रोज दिवेलागणीला प्रत्येकानं त्यांना व्हिडिओ कॉल लावायचा, हीच परीक्षा. लेकरांना फोन पास झाल्यावरच. आणि निकाल रोजचा ठरलेला, "कच्चं हाय. उद्या परत." कशात कच्चं, ते विचारायची कुणाची छाती नव्हती.

गयामावशीची लेक उसाच्या फडावर बाळंत झाली, मुलगी झाली. मावशीला नातीचं तोंड बघायचं होतं. कॉल तिला बरोबर लागायचा, फक्त चेहऱ्याऐवजी छताचे पत्रे दिसायचे. बप्पा काही पास करेनात. ती माझ्यापुढे रडली तेव्हा माझं टाळकंच सरकलं. संध्याकाळी बप्पांचं घर गाठलं.

बप्पा इस्त्रीचा सदरा घालून, भांग पाडून बसलेले. समोर फोन तांब्याला टेकवलेला. बायको गेल्यापासून घरात दुसरं माणूस नाही. कुणी पाहुणा यायचाय की काय, मला कळेना. भांडायला आलोय हेच मी विसरलो.

इतक्यात फोन वाजला. पडद्यावर मावशीचे पत्रे.

"बप्पा, मंग पोरीला लावू का न्हाई?"

"लेक बाळंतीण हाय तिची," मी म्हणालो. "कावून अडवता?"

बप्पा त्या पत्र्यांकडेच बघत राहिले. मग हळूच मला म्हणाले, "पास झाल्यावर मला कोण फोन करील?"

मला फार वाईट वाटलं. बप्पांनी घसा खाकरला. "मावशी, पास झाल्या तुमी. आत्ताच लावा पोरीला."

दुसऱ्या दिवशी त्यांनी सगळ्या वर्गालाच पास करून टाकलं. दिवेलागणीला घराघरातून म्हातारी माणसं लेकरांशी मोठमोठ्यानं बोलू लागली. मी शेडमध्ये बसून बप्पांना व्हिडिओ कॉल लावला आणि फोन मुद्दाम वर धरला. त्यांनी लगेच उचलला. भांग पाडलेला होता.

"सचिवसाहेब, नुसते पत्रे दिसायलेत."

"जमत न्हाई हो बप्पा."

त्यांनी फोन तांब्याला नीट टेकवला.

"लई कच्चं हाय तुमचं," ते म्हणाले. "उद्या परत."