लाल चादर, पांढरं धोतर

विजयमालाबाईंनी चादर भिजवली तेव्हा तिच्या घडीत मोबाईलही होता, हे त्यांना चादर पिळताना कळलं. तोवर साबणाचं पाणी त्याच्या पार पोटात गेलं होतं. फोन तांदळाच्या डब्यात पुरून त्यांनी ती लालभडक सोलापुरी चादर गच्चीच्या कठड्यावर अंथरली. नात येणार म्हणून धुतली होती. पूनम विमान चालवायला शिकवणाऱ्या शाळेत वैमानिक होती आणि आज होटगीच्या अलीकडच्या जुन्या धावपट्टीवर छोटं विमान घेऊन उतरणार होती. धावपट्टी म्हणजे घरापासून हाकेच्या अंतरावर.

दहाच्या सुमाराला घरघर ऐकू आली. विमान गच्चीवरून गेलं आणि त्यानं पंख डावी-उजवीकडे तीनदा हलवले.

"नात रामराम घालतीया, विजाक्का!" शेजारची निंगव्वा आपल्या गच्चीवरून ओरडली आणि पदर हलवू लागली. विजयमालाबाईंनीही हात हलवला. विमान उतरायच्या बेतात खाली आलं, पुन्हा वर गेलं, वळसा घालून आलं आणि पुन्हा पंख हलवले.

"किती येळा रामराम घालायचा म्हंते मी! च्या निवला की."

तिसऱ्या खेपेला मात्र विजयमालाबाईंचा हात हवेतच थांबला. तीनदा पंख! ही खूण त्यांना लग्नानंतरच्या पहिल्या वर्षापासून ठाऊक होती.

त्या वेळी त्यांचे यजमान शहाजीराव या धावपट्टीचे राखणदार होते. साखर कारखान्याच्या मालकाचं विमान यायचं. त्यातली वीज रुसली की रेडिओ मुका व्हायचा आणि चाकं बाहेर आली की नाहीत हे सांगणारे दिवेही विझायचे. मग वैमानिक याच गच्चीवरून पंख हलवत जायचा. तिन्ही चाकं दिसली तर शहाजीराव पांढरं धोतर पसरायचे आणि नाही दिसली तर लाल चादर. लहानपणी पूनम हात पसरून अंगणभर घरघरत धावायची आणि आजीनं पांढरं फडकं टाकल्याशिवाय जेवायला 'उतरायची' नाही.

"अगं बया! रामराम न्हाय त्यो. पोरगी चाकं बघ म्हंतीया, आन मी लाल चादर घालून बसलीया!"

त्यांनी चादर ओढून खाली फेकली. पण डोळ्यांत मोतीबिंदू. विमान म्हणजे नुसता पांढुरका ठिपका. चाकं कुठली दिसायला?

"निंगव्वा, पळत ये! तुजं डोळं दे मला!"

निंगव्वा मधला कठडा ओलांडून आली. विमान डोक्यावरून गेलं तशी ती बोट नाचवत कानडीत मोजू लागली, "वंदू... येरडू... मूरू! तीनबी हायत, अक्का!"

"नीट बगितलंस का? माजी नात हाय त्यात!"

"माजी सारी शेरडं मरून जातील खोटं बोलले तर. तीन!"

आता पांढरं हवं. घरात साऱ्या चादरी रंगीत. विजयमालाबाई खाली गेल्या, ट्रंक उघडली आणि कडुनिंबाच्या पाल्यात अकरा वर्षं जपलेलं शहाजीरावांचं धोतर काढलं. क्षणभर ते तोंडाशी धरलं. मग जिना चढल्या.

धोतर पसरलं, तर वारा त्याला उडवू लागला. शेवटी एका टोकावर विजयमालाबाई बसल्या आणि दुसऱ्यावर निंगव्वा.

विमानानं पंख एकदाच हलवले. झाडांच्या मागं टेकलं, धूळ उडाली आणि आवाज थांबला. तरी दोघी धोतराची टोकं दाबून बसूनच राहिल्या.

दुपारी पूनम घरी आली ती दंड चोळतच. "आजी, विमानातली वीजच गेली. अशा वेळी चाकं उतरवायला आत एक हापसा असतो. तुझी लाल चादर बघून मी हापसतच बसले! तो दगडासारखा घट्ट झाला, तरी म्हटलं आजी म्हणते तर आणखी हापसावं. आणि तुझा फोन का बंद?"

"तांदळात हाय," आजी म्हणाली.

पूनमबरोबर विमानात शेजारी बसलेले तिच्या शाळेतले उदयसिंह सरही आले होते. शाल आणि भलामोठा नारळ घेऊन. "आजी, या वयात काय नजर आहे तुमची! आमचा जीव वाचवलात."

विजयमालाबाईंनी तोंड उघडलं. खरं सांगायचं होतं. कारण खरं म्हणजे शहाजीरावांनाही लांबचं दिसत नव्हतं. चाकं मोजायच्या त्या, चुलीपुढून उठून. फेटा आणि नारळ मिळायचा शहाजीरावांना. चाकं बायकोनं मोजली, हे ते एका शब्दानं कुणाला सांगायचे नाहीत. घरी येऊन नारळ फोडायचे आणि मोठी वाटी त्यांच्यापुढं ठेवून "घे" एवढंच म्हणायचे. चाळीस वर्षं त्यांनी तो राग मनात धरला होता.

पण शाल खांद्यावर ऊबदार होती. पूनम कौतुकानं बघत होती. विजयमालाबाईंनी तोंड मिटलं.

सगळे गेल्यावर त्यांनी निंगव्वाला हाक मारली, नारळ पायरीवर आपटला आणि मोठी वाटी तिच्यापुढं ठेवली.

"घे."

"येवडी मोटी मला कशाला गं?"

विजयमालाबाईंनी कठड्यावर टाकलेल्या धोतराकडं पाहिलं आणि डोळ्यांना पदर लावून हसू लागल्या.

"तसंच असतंय त्ये," त्या म्हणाल्या. "मला बी आत्ता कळलं."